डाव्या हाताचा ठसा

मरी हे गावाचं नाव ऐकून आईने आधी हात जोडले. बार्शीला आमच्या मागच्या गल्लीत मरीआईचं छोटं देऊळ होतं, आषाढात गाडा निघायचा, त्यामुळे तिच्या कानाला हे नाव देवीचंच वाटलं. मग मी तिला सांगितलं, की हे मरी दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे, अॅडलेडपासून जवळजवळ ७०० किलोमीटर उत्तरेला, वाळवंटाच्या तोंडाशी, आणि तिथे पूर्वी उंटवाल्यांची वस्ती होती.

"उंटवाले? गोरे?"

"नाही गं. आपल्याकडचे."

"आपल्याकडचे" हा शब्द माझ्या तोंडून सहज निघून गेला आणि नंतर मला आठवडाभर पुरला. इथे अॅडलेडला येऊन मला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी त्या माणसांचा उल्लेख पाट्यांवर, पुस्तिकांत, शाळेच्या धड्यांत 'अफगाण' असाच वाचत आले. त्यांच्या नावाने धावणारी 'घान' गाडी अॅडलेडहून डार्विनला जाते, तिच्या चिन्हावर उंट आणि उंटस्वार आहे. घान हा अफगाणचाच तुकडा. पण ही माणसं आली होती पेशावरची, कंदाहारची, बलुचिस्तानची, सिंध-पंजाबची, काश्मीरची. कुणी पश्तू बोलणारा, कुणी बलुची, कुणी पंजाबी. इथल्या लोकांनी सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं आणि तोंड शिवून वर एक नाव लिहिलं.

त्यातले बरेचजण बोटीत बसले ते कराचीला. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यात होता. १९३६ साली तो वेगळा झाला. म्हणजे ज्या बंदरातून उंट चढवले गेले, त्याचा कारभार शेवटी मुंबईहून चालायचा. त्याच कराचीत १८५५ साली सुरू झालेली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्या गोदीवर उंटांच्या गर्दीत एखादा मराठी कारकून हातात वही घेऊन उभा असेल का, हा विचार एकदा डोक्यात आला की जात नाही. असेल किंवा नसेलही. पण तेव्हापासून ते बंदर मला परकं वाटेनासं झालं.

आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला समुद्रकिनारे आणि कांगारू दाखवून झाले होते. जुलैच्या सुट्टीत आम्ही दोघी गाडी घेऊन उत्तरेला निघालो.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिला अॅडलेडची मशीद दाखवली. शहराच्या नैऋत्य कोपऱ्यात, लिटल गिल्बर्ट स्ट्रीट नावाच्या अरुंद गल्लीत ती आहे. १८८८-८९ मध्ये बांधलेली, राखाडी दगडाची, चार कोपऱ्यांना चार मिनार. मिनार नंतरचे, १९०३ चे. आजूबाजूला बैठी घरं, कुंड्यांतली फुलं, उभ्या केलेल्या सायकली. उत्तरेच्या वाळवंटात आयुष्य घालवून म्हातारे झालेले उंटवाले शेवटची वर्षं या मशिदीच्या आवारातल्या खोल्यांत काढायचे. ज्यांना परत जायला पैसे नव्हते, किंवा परत जायला कुणी उरलं नव्हतं, ते. आई दारापाशी चप्पल काढून थोडा वेळ उभी राहिली. "सेवानिवृत्तांची चाळ म्हणायची ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टा. खाडीच्या अगदी आतल्या टोकाचं हे बंदर. १८६६ च्या सुमारास थॉमस एल्डर या मोठ्या जमीनदार-व्यापाऱ्याने कराचीहून १२४ उंट आणि त्यांच्यासोबत ३१ माणसं इथे उतरवली. त्याआधी १८६० मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी मेलबर्नला दोन डझन उंट आणले होते. पण उंटांचा खरा धंदा उभा राहिला तो एल्डरच्या कळपापासून. सुरुवातीला खरजेने कितीतरी उंट मेले. उरलेल्यांची पैदास फ्लिंडर्स डोंगररांगांतल्या बेल्टाना इथे केली गेली.

उंट का हवे होते, हे तो मुलूख पाहिल्याशिवाय कळत नाही. पोर्ट ऑगस्टाच्या पुढे झाडं खुजी होत जातात, मग झुडपं होतात, मग तीही विरळ. घोड्याला रोज पाणी लागतं, बैलाला चारा लागतो. उंट चारशे ते सहाशे किलो ओझं पाठीवर घेऊन, काटेरी झुडपं ओरबाडत, दिवसचे दिवस पाण्याविना चालतो. आणि हे जनावर कसं चालवायचं ते इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या मराठीत उंट हाकणाऱ्याला सारवान म्हणत. पेशव्यांच्या फौजेत शुतुरखाना होता, उंटावरून डागायच्या शुतरनाळा होत्या. आपल्या भाषेत या विद्येला शब्द आहेत. इथे शब्दही नव्हते, म्हणून ते माणसांबरोबर बोटीतून आले. उंटाला खाली बसवायची हाळी 'हूश्ता' ही ऑस्ट्रेलियाच्या इंग्रजीत त्यांच्याकडूनच शिरली.

वाटेत एका लहानशा संग्रहालयात उंटाचं पलाण ठेवलेलं होतं. लाकडाचा सांगाडा, त्याखाली तरटाच्या दोन लांब उशा, आत गवताचा पेंढा. काचेच्या आत नव्हतं, म्हणून आईने वाकून पाहिलं. तरटाला जागोजागी ठिगळं होती आणि ठिगळांचे टाके सारखे, बारीक, एका ओळीत. "दाभणाने शिवलंय," ती म्हणाली. "आणि शिवणारा घाईत नव्हता. बघ, गाठ आतल्या बाजूला घेतलीय, जनावराला टोचू नये म्हणून." खालच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: अफगाण पलाण, अंदाजे १९००. चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोष नाही, त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने लिहिलं. पण मी शेजारीच उभी होते आणि मला ती गाठ दिसली नव्हती.

क्वॉर्नला थांबलो. एके काळी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन्ही गाड्या इथून जायच्या. आता हौशी स्वयंसेवकांनी जपलेली पिची रिची रेल्वे वाफेच्या इंजिनावर खिंडीतून पोर्ट ऑगस्टाकडे जाते. इथे आईला हलवणं मुश्कील झालं, कारण ती रेल्वेची लेक आहे. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या यार्डात गँगमन होते. बार्शी लाईट ही अडीच फुटांची छोटी लाईन कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूरच्या मोठ्या लाईनला भेटायची. मोठ्या गाडीतून माल उतरवायचा, छोट्या गाडीत चढवायचा. शेंगा, कापूस, ज्वारीची पोती. आईच्या लहानपणीचं जग म्हणजे ते यार्ड. ती क्वॉर्नच्या रुळांशेजारी बसली, हाताच्या वितीने माप घेतलं आणि म्हणाली, "आपल्याहून रुंद आहे. पण मोठी नाही." खरंच, साडेतीन फूट. तिने सिलीपाटांकडे पाहिलं, त्यांत ठोकलेल्या खिळ्यांकडे पाहिलं. "सिलीपाट लाकडाचे असले की वाळवी," ती म्हणाली. घानची जुनी लाईन वाळवी आणि पूर, या दोघांनीच खाल्ली, हे मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

पुढचे दोन-तीनशे किलोमीटर मी पटकन सांगते, कारण त्यांचं वर्णन करावं ते फोटोंनीच. डाव्या-उजव्या बाजूला जांभळट डोंगर, मग सपाट लाल जमीन, मग काहीच नाही. हा अड्न्यामथन्हा या आदिवासी लोकांचा मुलूख. पुढे मरीच्या आसपास अरबाना लोकांचा.

फरिनाला मात्र थांबायलाच हवं. या गावात आता भिंती आहेत, छपरं नाहीत. फरिना म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. १८७८ मध्ये वसवलं तेव्हा इथे गव्हाची शेतं डोलतील अशी लोकांना खात्री होती. त्याआधी १८६५ साली जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षण अधिकाऱ्याने नकाशावर एक रेघ काढून सांगितलं होतं, की हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, पेरू नका. मग काही वर्षं चांगला पाऊस झाला. नांगर गेला की त्याच्यामागे पाऊस जातो, असं लोक म्हणू लागले आणि रेघ ओलांडून पेरायला गेले. आईने पडक्या घरांच्या मधल्या रस्त्यावरून चालत एकच प्रश्न विचारला, "विहिरी कुठे होत्या?" तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे. सोलापूरकडच्या माणसाला अशी जमीन पाहून पाण्याशिवाय दुसरा प्रश्न सुचत नाही.

पण फरिनाला पाव मिळतो. जमिनीखाली दगडाची जुनी भट्टी आहे आणि दर हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैच्या सुमारास, काही आठवडे राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक येऊन ती पेटवतात. बहुतेक निवृत्त माणसं. ते भिंती सावरतात, पाट्या लावतात, पहाटे उठून पाव भाजतात आणि त्या पैशांतून पुढच्या भिंती सावरतात. पायऱ्या उतरून खाली गेलं की जळत्या लाकडाचा वास येतो. आईने गरम पाव हातात घेऊन त्याची बूड ठोकून पाहिली, पोकळ आवाज आला तशी मान हलवली. वाळवंटात ओस पडलेल्या गावासाठी कुणी सुट्टी खर्च करून पीठ मळतं, याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि आजही वाटतं. आमच्या बार्शीत कितीतरी वाडे असे पडले. कुणी भट्टी पेटवली नाही.

फरिनाच्या स्मशानात उंटवाल्यांच्या कबरी वेगळ्या आहेत. काही दगडांवर अरबी लिपी आहे. वारा एवढा, की अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. आईला उर्दू वाचता येत नाही, मलाही नाही. बार्शीत आमच्या शेजारी मुलाणी कुटुंब होतं, त्यांच्या घरात भिंतीवर अशीच अक्षरं होती, एवढीच आमची ओळख. तिथे उभं राहून मला प्रथमच स्वतःची लाज वाटली. एवढी जवळची लिपी, आणि आपण ती कधी शिकलो नाही.

दुपारी मरीला पोचलो. इथून दोन प्रसिद्ध कच्चे रस्ते फुटतात, एक बर्ड्सव्हिलला, एक उडनाडट्टाला. सोनेरी दगडाचं दुमजली हॉटेल आहे, १८८३ चं. पर्यटक इथे येतात ते काटी थांडा, म्हणजे लेक आयर, विमानातून पाहायला. पाणी आलेल्या वर्षी तर जास्तच. आम्ही विमानात बसलो नाही. आईला स्टेशन पाहायचं होतं.

स्टेशन आहे, फलाट आहे, जुनी डिझेल इंजिनं उन्हात गंजत उभी आहेत. १८८४ मध्ये रेल्वे इथवर आली आणि तिथून पुढे सगळं उंटांवर: पीठ, चहा, साखर, तारेची भेंडोळी, पत्र्याची छपरं, टपाल. परत येताना लोकरीचे गठ्ठे. १८९१ ला रूळ उडनाडट्टाला पोचले तशी उंटांची रांगही तिकडे सरकली. १९२९ ला रूळ अॅलिस स्प्रिंग्जला पोचले. त्या रुळांसाठीचं सामान, सिलीपाटं, त्यावर राबणाऱ्या माणसांचं अन्नपाणी यांतलं बरंच उंटांनीच वाहिलं होतं. त्याआधी १८७२ ला पुरी झालेली पोर्ट ऑगस्टा ते डार्विन तारायंत्राची ओळ, सुमारे ३२०० किलोमीटरची, तिचं काही सामानही उंटांच्या पाठीवरून गेलं.

म्हणजे या माणसांनी स्वतःच्या धंद्याचा शेवट स्वतः वाहून नेला. आपल्याकडे लमाणांचं हेच झालं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खनभर फिरणारे तांडे रेल्वे आल्यावर बसले. लमाण आज ऊसतोडीला जातात. आमच्या बार्शीकडून जाणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या पाहत मी मोठी झाले. ते मुळात वाहतूकदार होते, हे मला मरीच्या फलाटावर उभं राहून समजलं.

आईने इंजिनाभोवती एक फेरी मारली. मग मी तिला सांगितलं, की १९५७ पासून दक्षिणेकडून मोठी लाईन मरीपर्यंत आली आणि पुढे छोटीच राहिली, त्यामुळे इथे माणसं आणि माल या गाडीतून त्या गाडीत बदलायचे. तिचा चेहरा उजळला. "मग ही कुर्डुवाडीच की!" ती म्हणाली. १९८० ला घानची नवी लाईन पश्चिमेकडून गेली आणि मरीवरून जाणारी घान थांबली. तेही तिला सांगावं लागलं. ती फलाटाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ बोलली नाही. कुर्डुवाडी-बार्शी लाईन मोठी झाली, गाडी सुरू राहिली. पण ट्रान्शिपमेंटचं यार्ड गेलं, ते दिवस तिने पाहिले आहेत.

रुळांनी या गावाचे दोन भाग केले होते. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि अरबाना लोक. या दुसऱ्या बाजूला घानटाऊन म्हणत. दुकानं वेगळी, वस्ती वेगळी, स्मशानातही भाग वेगळे. बायका मायदेशाहून आणता येत नसत, त्यामुळे अनेकांनी आदिवासी बायकांशी लग्नं केली, काहींनी गोऱ्या बायकांशी. वाटेवरचे पाण्याचे साठे आदिवासींनाच ठाऊक होते. उंट चालवायची विद्या बाहेरून आली, पण कुठल्या दिशेला चाललं तर जिवंत पोचू ती विद्या इथलीच होती. मरीहून शे-सव्वाशे किलोमीटरवर वाब्मा कडर्बूचे झरे आहेत. जमिनीखालच्या अफाट जलसाठ्यातून पाणी वर येतं, आणि एका डबक्याच्या मध्यभागी वाळू हळूहळू उचंबळते, फुटते, पुन्हा बसते. भाताच्या आधणासारखं. असे झरे एका ओळीत आहेत. आदिवासींच्या व्यापाराची वाट त्या ओळीने गेली, मग तारायंत्र त्या ओळीने गेलं, मग उंट, मग वाफेचं इंजिन. नकाशावरची रेघ साहेबाने काढली असं लिहितात. काढली पाण्याने.

मरीत उंटवाल्यांनी लावलेली खजुराची झाडं अजून उभी आहेत. मशीद गेली, तिची प्रतिकृती मधल्या मोकळ्या जागेत बांधली आहे. मूळची १८८० च्या दशकाच्या सुरुवातीची, या खंडातल्या सर्वांत जुन्यांपैकी. मातीच्या ठेंगण्या भिंती, वर साधं छप्पर. पाहुणे फोटो काढून दोन मिनिटांत पुढे जातात. आई आत जाऊन खाली बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आमच्या पीराचं ठाणं असंच आहे. एवढंच पुरतं."

इथल्या बेजा दरवेश यांच्याबद्दल मला आधीच ओढ होती. बलुचिस्तानातला जन्म, तरुणपणी ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात नोकरी, मग ऑस्ट्रेलिया. १८९६ च्या काल्व्हर्ट मोहिमेत पश्चिमेच्या वाळवंटात ते उंट सांभाळत होते. त्या मोहिमेत माणसं पाण्याविना मेली. नेता लॅरी वेल्स याने त्यांच्या निष्ठेची आठवण म्हणून आपलं होकायंत्र त्यांना दिलं आणि एका टेकडीला त्यांचं नाव दिलं. पुढे ते मरीला राहिले, खजुराची बाग केली, १९५७ मध्ये वारले. त्याच वर्षी मोठी लाईन मरीला पोचली. उंटाच्या पाठीवर सुरू झालेलं आयुष्य इथवर आलं.

टेकडीला नाव मिळालं, पण नागरिकत्व कुणालाच सहज मिळालं नाही. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांचं येणं बंद केलं. त्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा होती: अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्द सांगणार, उमेदवाराने ते लिहायचे. भाषा निवडायची अधिकाऱ्याने. नापास करायचंच असेल तर कुठलीही निवडता येई. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिक होण्याची वाटही बंद केली. ज्यांनी या देशाच्या पोटात तार नेली, रूळ नेले, ते तीस-तीस वर्षं राहून परकेच. मग मोटारी आल्या. १९२५ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात उंट मारण्याचा कायदा झाला: नोंदणीचा बिल्ला नसलेला उंट दिसला तर पोलिसाने गोळी घालावी. कित्येक उंटवाल्यांना ते बघवेना. त्यांनी नकेल काढली आणि उंट वाळवंटात सोडून दिले. आज ऑस्ट्रेलियात रानटी उंटांचे मोठे कळप आहेत, ते त्यांचेच वंशज. त्यांना उपद्रवी म्हणतात, आणि पाणवठ्यांची नासाडी होते हे खरंच आहे. पण नकेल काढणाऱ्या हाताचा विचार माझ्या मनातून जात नाही.

इथे ब्रोकन हिलबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धा राहील. तिथे मी एकटीच आधी जाऊन आले होते. खाणींचं शहर, न्यू साउथ वेल्समध्ये असून घड्याळ अॅडलेडचं लावणारं. उत्तरेकडच्या उंटतळावर गंजक्या लाल रंगाची, पन्हाळी पत्र्याची एवढीशी मशीद आहे. स्थानिक इतिहास मंडळाने ती जपली. १ जानेवारी १९१५ ला याच वस्तीतल्या दोघांनी सहलीच्या गाडीवर गोळीबार केला, चार माणसं मेली, ते दोघेही मारले गेले. त्या रात्री जमावाने जर्मन क्लब जाळला आणि उंटतळाकडे मोर्चा वळवला. पोलीस आणि सैनिकांनी अडवलं म्हणून वस्ती वाचली. शहरातल्या बऱ्याच पर्यटकांना ही एकच गोष्ट माहीत असते.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती त्या मशिदीतल्या पुस्तकाची. पाचशे पानांचं जाड पुस्तक, कित्येक वर्षं 'पवित्र कुराण' अशा चिठ्ठीखाली ठेवलेलं. मग बंगाली घरातली एक इतिहाससंशोधक तिथे आली, तिने ते उघडलं आणि वाचायला सुरुवात केली, कारण ते बंगालीत होतं. पैगंबरांच्या कथा, पद्यात, कलकत्त्याला छापलेल्या. असं पद्य मोठ्याने, चार माणसांत बसून म्हणायचं असतं. आपल्याकडे पोथी लावतात तसं. म्हणजे या खाणीच्या गावात, पत्र्याच्या भिंतींत कुणीतरी दिवसभराचं काम आटपून बंगाली ओव्या म्हणत होतं आणि कुणीतरी बसून ऐकत होतं. पुस्तक एवढी वर्षं तिथेच होतं. भाषा येणारं माणूस यायला एवढा वेळ लागला.

मरीहून परत आल्यावर मी आईला राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद संगणकावर दाखवले. इथे राहणारा आशियाई माणूस मायदेशी जाऊन परत येणार असेल, तर त्याला श्रुतलेखनाच्या परीक्षेतून सूट देणारा दाखला घ्यावा लागे. त्यावर नाव, जन्मस्थान, उंची, बांधा, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, खुणा. एक फोटो समोरून, एक बाजूने. आणि मागे पंजाचा ठसा. हजारो असे कागद आज कुणालाही घरबसल्या पाहता येतात.

आईने चष्मा घातला. समोर होता एका उंटवाल्याचा डावा पंजा, काळ्या शाईत. तळव्याच्या मध्यभागी शाई लागलेली नव्हती, तिथे पांढरी जागा होती. करंगळी वाकलेली. आईने आपला डावा हात पडद्याजवळ धरला, मग मागे घेतला.

"अप्पांचा अंगठा घ्यायचे," ती म्हणाली. अप्पा म्हणजे आजोबा. "पगाराच्या दिवशी. मी डबा घेऊन गेले की रांगेत उभे असायचे. अंगठा दिला की बोट सदऱ्याला पुसायचे. सदऱ्यावर कायम एक निळा डाग. आई ओरडायची." थोडं थांबून तिने विचारलं, "नाव काय याचं?"

मी कागदावरचं नाव वाचलं, इंग्रजी स्पेलिंग होतं तसं. कारकुनाने कानाला जे आलं ते लिहिलं होतं. मोहम्मदाचं महोमेट झालेलं होतं, पुढच्या नावाची तर दशाच. आईने मला दोनदा वाचायला लावलं. मग तिने ते आपल्या तोंडात घोळवलं, आमच्या शेजारच्या मुलाणीचाचांना हाक मारायची तशा सुरात म्हणून पाहिलं, आणि नाव जागेवर बसलं.

"परत आला का?"

कागदावर जहाजाचं नाव होतं, निघाल्याची तारीख होती. खाली दुसऱ्या शाईत परत आल्याची तारीख. तीन वर्षांनी.

"आला."

तिने मान हलवली. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"पुढचा दाखव."